ताट धुतलेलं पाणी

तिखटाचा एक कण होता. मोहरीच्या निम्मासुद्धा नसेल. लाकडी वाटीच्या आतल्या कडेला, माझ्या अंगठ्याच्या बरोब्बर खाली चिकटलेला, आणि मला तो दिसला होता हे मला पक्कं आठवतंय. दिसला, आणि मी मनात म्हटलं जाऊ दे. एवढं काय. समोरून पितळी बादली आली, मी वाटीतलं पाणी त्यात ओतलं आणि बादली पुढे सरकवली. सगळं मिळून पाच सेकंद. या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालंय आणि मध्येच कधीतरी, म्हणजे सिग्नलला उभा असताना किंवा बेसिनपाशी डबा विसळताना, तो कण परत डोळ्यासमोर येतो.

जागा कोरियातल्या एका डोंगरातलं बौद्ध देऊळ. नाव मुद्दाम टाकत नाही. वेळ सकाळी सहाची, बाहेर अजून अंधार, आणि आम्ही बाराजण दोन रांगांत समोरासमोर मांडी घालून बसलेलो. प्रत्येकाच्या पुढ्यात एकात एक बसणाऱ्या चार लाकडी वाट्या, राखाडी फडक्यात गाठ मारून बांधलेल्या. गाठ सोडायची, फडकं पसरायचं, वाट्या आवाज न करता एकेक काढून मांडायच्या. सगळ्यात मोठी भाताची, मग सूपची, एक भाज्यांची, आणि एक नुसत्या पाण्याची. बोलायचं नाही. बांबूची एक मधोमध चिरलेली पट्टी असते, जुकबी म्हणतात तिला, ती भंते तळहातावर चटाककन मारतात आणि त्या आवाजावर सगळं चालतं. वाढायला घ्या, चटाक. जेवायला लागा, चटाक. हवं तेवढंच घ्यायचं आणि घेतलेलं सगळं संपवायचं, मुळ्याच्या लोणच्याची एक फोड मात्र शेवटपर्यंत राखून ठेवायची. जेवण झालं की करपलेल्या भाताच्या खरवडीचं गरम पाणी येतं. ते भाताच्या वाटीत घ्यायचं, चॉपस्टिकमध्ये ती मुळ्याची फोड धरून तिने वाटी आतून घासायची, मग तेच पाणी सूपच्या वाटीत, मग भाज्यांच्या वाटीत, आणि शेवटी ते पाणी पिऊन टाकायचं. फोडीसकट.

मग चौथ्या वाटीतलं सुरुवातीचं स्वच्छ पाणी. त्याने हाताने वाट्या परत विसळायच्या आणि ते पाणी मात्र प्यायचं नाही, ते सगळ्यांचं मिळून एका बादलीत गोळा होतं. आदल्या संध्याकाळी तिथल्या एक बाई, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या, आम्हाला हे सगळं शिकवत होत्या तेव्हा म्हणाल्या की हे पाणी भुकेल्या प्रेतांसाठी असतं. त्यांची पोटं डोंगराएवढी आणि घसा सुईच्या नेढ्याएवढा. पाण्याशिवाय काही उतरतच नाही घशाखाली. आणि त्या पाण्यात एखादा जरी अन्नाचा कण राहिला तरी तो घशात अडकतो आणि आग होते. म्हणून पाणी ओतताना जसं होतं तसंच निघालं पाहिजे. नाही निघालं तर, आणि इथे बाई हसल्या, सगळ्यांनी मिळून ते पिऊन टाकायचं. आम्ही पण हसलो. असल्या ठिकाणी असल्या गोष्टी सांगायचीच पद्धत असते असं आपण धरून चालतो.

सकाळी बादली फिरून भंतेंपर्यंत गेली. त्यांनी चष्मा जरा वर केला, वाकून पाहिलं. माझ्या जागेवरून मला काही दिसत नव्हतं पण काय दिसत असणार ते मला माहीत होतं. त्यांनी आम्हा बाराजणांकडे पाहिलं, रागाने वगैरे अजिबात नाही, शाळेत मास्तर हजेरी घेताना बघतात तसं. मी फडक्याच्या गाठीकडे बघत होतो. मग त्यांनी स्वतःची वाटी उघडली, बादलीतलं थोडं पाणी तीत घेतलं, प्यायले, वाटी पुसली आणि तीन वेळा चटाक. जेवण संपलं.

परतीच्या बसमध्ये माझा पार्टनर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझा होता ना बे तो?"

मी म्हटलं, नाही.

हा पार्टनर नागपूरचा. कंपनीने आम्हा दोघांना सहा महिन्यांसाठी देगू शहरात पाठवलं होतं, एकच खोली, एकच कुकर, आणि शनिवार-रविवार करायचं काय हा प्रश्न. देगू म्हणजे चारी बाजूंनी डोंगर. तिथे शनिवारी सकाळी मेट्रोत बघितलं तर सत्तरीचे आजी-आजोबा एव्हरेस्टला निघाल्यासारखे, पायात ट्रेकिंगचे बूट, दोन हातात दोन काठ्या, सॅकला लटकवलेला स्टीलचा मग. आम्ही पहिल्यांदा यांच्यामागून नुसतेच गेलो, आणि डोंगर चढलं की वर देऊळ असतंच हे कळलं. मग सवयच लागली. नावात शेवटी "सा" आलं की देऊळ आणि "सान" आलं की डोंगर, एवढ्या भांडवलावर आम्ही अर्धा दक्षिण कोरिया फिरलो.

डोंगरातच का, हे आधी रोमँटिक वाटायचं. धुकं, पाइनची झाडं, ओढ्यावरचा दगडी पूल, साधूंना शांतता हवी वगैरे. काही देवळं तशी मुळातच डोंगरातली आहेत हे खरं. पण १३९२ मध्ये जोसॉन घराणं आलं, कन्फ्यूशियसला मानणारं, आणि त्यांनी बौद्धांना पद्धतशीर बाजूला सारलं. देवळांच्या जमिनी काढून घेतल्या, गावातली देवळं मोडली, भिक्खूंना राजधानीत पाऊल टाकायला बंदी, आणि ती बंदी उठली थेट १८९५ मध्ये. म्हणजे जे डोंगरात होतं ते टिकलं. हे मी पार्टनरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गावाबाहेर ठेवलं म्हण ना सरळ." आणि पुढे चालायला लागला. त्याच्या आजी-आजोबांनी १९५६ च्या चौदा ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेतलेली, आजी तेव्हा सोळा वर्षांची, तीन दिवसांच्या भाकऱ्या बांधून चालत गेली होती. तो ज्या तऱ्हेने ही देवळं बघत होता आणि मी ज्या तऱ्हेने, त्यात फरक होता. तो दर वेळी मुख्य हॉलमध्ये गेला की कोपऱ्यातली चौकोनी गादी ओढायचा, तीन वेळा टेकायचा आणि ओठ हलवत त्रिशरण म्हणायचा. मी खांब बघायचो.

खांब बघण्यासारखे आहेत पण. बुसॉकसाला गेलो होतो ऑक्टोबरच्या शेवटी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, म्हाताऱ्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या आणि जाताना हातात फोड कापून ठेवणाऱ्या, मग पिवळीधमक गिंको झाडं, मग पायऱ्या, पायऱ्या, आणि एका लाकडी माडीच्या खालून वाकून वर निघालो की समोर मुरयांगसूजॉन, तिथला मुख्य हॉल. देऊळ उइसांग नावाच्या भिक्खूने ६७६ मध्ये स्थापलं, आताचा हॉल त्यानंतरचा, जोसॉनच्या आधीच्या गोर्यो काळातला. रंग उडालेलं नुसतं लाकूड. खांब मधे जरासे फुगीर, वर-खाली निमुळते. एक कोरियन काकू त्या खांबाला पाठ टेकून डोळे मिटून उभ्या होत्या, एखाद्या ओळखीच्या माणसाला टेकावं तशा. आत बुद्ध समोर नाहीच. तुम्ही दक्षिणेकडून आत शिरता आणि तो डाव्या हाताला, पश्चिमेच्या भिंतीशी, पूर्वेकडे तोंड करून बसलेला. हा अमिताभ बुद्ध, पश्चिमेचा मानलेला, म्हणून. आपण आत जातो आणि तो आपल्याकडे बघतच नसतो, दुसरीकडेच कुठेतरी बघत असतो, याने मला का कोण जाणे फार बरं वाटलं. बाहेर आलो तर खाली सोबेक डोंगरांच्या रांगा एकामागे एक, शेवटची आभाळात मिसळलेली. तिथे कोणीच फारसं बोलत नव्हतं.

आणि हेइन्सा. देगूच्या पश्चिमेच्या स्टँडवरून थेट बस आहे, दीड तास. डोंगराचं नाव गायासान. हे नाव बोधगयेवरून आलं असं काहीजण मानतात, पार्टनरने अर्थातच लगेच मानलं. तिथे ८१,२५८ छपाईचे लाकडी ठोकळे आहेत, दोन्ही बाजूंनी कोरलेले, संपूर्ण त्रिपिटक. आकडा वाचून काही होत नाही, पण त्या लांबच्या लांब कोठाराच्या लाकडी गजांना नाक लावून आत बघितलं की होतं. अंधारात रॅकवर रॅक, आणि ठोकळ्यांच्या नुसत्या कडा दिसतात, जुन्या वाण्याच्या वह्या उभ्या ठेवाव्यात तशा. तेराव्या शतकात मंगोल आले, त्यांनी आधीचा संच जाळला (तो जिथे होता ते बुइन्सा आमच्या देगूच्याच डोंगरात), तर यांनी काय करावं, लढाई चालू असताना परत पहिल्यापासून कोरायला बसले. सोळा वर्षं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे खिडक्या. दक्षिणेच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, उत्तरेच्या भिंतीत बरोब्बर उलटं. हवा खालून शिरते, आत फिरते, वरून जाते. जमिनीत कोळसा, मीठ, चुना, माती. ना एसी ना सेन्सर. आम्ही दोघे प्लँट मेंटेनन्सवाले, आमच्या डोक्यात दिवसरात्र ह्युमिडिटी, आणि इथे पंधराव्या शतकातला कोणीतरी सुतार नुसत्या खिडकीच्या मापाने काम भागवून गेलेला. १९५१ मध्ये कोरियन युद्धात या भागात गनिमी सैनिक लपलेले, बॉम्बिंगचा हुकूम आला, आणि किम यंग-ह्वान नावाच्या पायलटने तो पाळला नाही. त्याचं स्मारक आहे तिथे. पार्टनर त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

पण सगळंच काही आम्हाला पचलं नाही. बहुतेक देवळांच्या मागे, जरा उंचावर, एक छोटीशी खोली असते. पहिल्यांदा मी डोकावलो आणि हसूच आलं. पांढरी दाढीवाला म्हातारा, बाजूला पाइनचं झाड, आणि त्याला टेकून बसलेला एक वाघ. वाघाचे डोळे मांजरासारखे गोल, जरा वेडसर, भीतीपेक्षा लाड करावेत असा. हा डोंगराचा देव, सानशिन. बौद्ध धर्म यायच्या आधीपासूनचा, त्याला काढलं नाही, मागच्या अंगणात जागा दिली. आता मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबा, वाघबारशीला त्याला नैवेद्य, आणि ऊसात खरोखरचा बिबट्या. त्यांच्याकडचे वाघ शंभरेक वर्षांपूर्वीच संपले, चित्रात राहिले. मी तिथे आपोआप हात जोडले. पार्टनर पायरीवरच थांबला. "हे नाही आपलं," म्हणाला.

तसंच गातबावीला. देगूला लागूनच, पालगोंगसानच्या एका सुळक्यावर दगडी बुद्ध, डोक्यावर सपाट दगडाची टोपी, साधारण ८५० मीटर उंचीवर. मनापासून मागितली तर एक इच्छा पुरी करतो अशी ख्याती. आम्ही नोव्हेंबरात गेलो, आणि नोव्हेंबरात त्यांची बारावीची ती एकच मोठी परीक्षा असते, ज्यात इंग्रजी ऐकण्याच्या पेपरच्या वेळी देशातली विमानांची ये-जासुद्धा तेवढ्यापुरती थांबवतात. वर पोचलो तर पटांगण आयांनी भरलेलं. चटईवर गुडघे टेकायचे, कपाळ टेकवायचं, उठायचं, परत. एकीने पोराचा पासपोर्ट फोटो समोर ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मोबाईल. स्वेटर काढून कमरेला बांधलेले, केसांच्या बटा घामाने गालाला चिकटलेल्या, थंडी दोन डिग्री. मला एकदम माझी आई आठवली, लेण्याद्रीच्या पायऱ्या, माझं दहावीचं हॉल तिकीट तिच्या पिशवीत हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी. पार्टनर वैतागलेला. "आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, नवस नाही, अंगारा नाही, अन् हे इथं बुद्धालेच मार्क मागून ऱ्हायले." बरोबर होतं त्याचं. पण उतरताना बघतो तर हा गायब, पाच मिनिटांनी आला, हाताला मेण लागलेलं. त्याची धाकटी बहीण त्या वर्षी एमपीएससी मेन्सला बसली होती. "मागितलं नाही काही. मेणबत्ती लावली फक्त. मेणबत्ती तर आपण लावतोच."

मी काही बोललो नाही. त्याने नंतर माझ्या बाबतीत जेवढं सोडून दिलं तेवढं मी सोडून दिलं असेन की नाही, माहीत नाही.

तर ते राहायला गेलो ते देऊळ. पहाटे चारला कोणीतरी मोकताक वाजवत अंगणातून फिरतं. मोकताक म्हणजे पोकळ लाकडी गोळा, आवाज आधी इतका बारीक की स्वप्नातलाच वाटावा, मग टक टक टकटकटक वाढत दारावरून जातो. खाली जमीन गरम, कारण तिथे खोलीच्या जमिनीखालूनच ऊब येते, आणि बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस गोठतात. अंगणाच्या कडेच्या माडीवर चार वाद्यं. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी पोकळ मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराचा पत्रा पाखरांसाठी, आणि घंटा जे नरकात आहेत त्यांच्यासाठी. ढोल वाजवणारा भिक्खू पंचविशीतला असेल, बाह्यांमधून दिसणारे हात जिमवाल्यासारखे, आणि त्याचा ठेका आमच्या ढोलताशाच्या पोरांनी उभं राहून ऐकावा असा. घंटा आडव्या ओंडक्याने मारतात, घंटेखाली जमिनीत खळगा असतो, आणि एका टोल्याचा आवाज विझत विझत परत फुगतो, परत विझतो. पुढचा टोला पडायला लांब वेळ असतो. तेवढ्या वेळात करायचं काय हेच कळत नाही.

मग आत प्रार्थना. कोरियन चिनी वळणाची, काही म्हणजे काही कळत नव्हतं, मी झोपेत डुलत होतो, आणि एकदम कानावर आलं, "आजे आजे बारा आजे, बारा सुंग आजे, मोजी साबाहा." तीनदा. दुसऱ्यांदा ऐकताना पार्टनरने माझ्या मांडीवर कोपर मारलं. गते गते पारगते पारसंगते बोधी स्वाहा, हृदयसूत्राच्या शेवटचा संस्कृत मंत्र. कुठला शब्द कुठून निघाला, वाळवंट, चीन, समुद्र करत दीड हजार वर्षांनी इथे थंडीत काकडणाऱ्या आम्हा दोघांपुढे आला आणि त्याचं बोधीचं मोजी झालेलं. आणि साबाहा! माझ्या मुंजीत गुरुजींनी शंभर वेळा म्हणायला लावलेलं स्वाहा, धुराने डोळे चुरचुरलेले. आमच्या दोघांचे धागे दोन वेगळ्या टोकांचे, पण त्या अंधारात दोघांनाही एकाच वेळी हसू फुटलं आणि शेजारच्या जर्मन मुलीने वळून बघितलं.

असंच एक हिंगाचं. देवळातल्या जेवणात पाच वस्तू वर्ज्य. लसूण, कांद्याची पात आणि तिच्या दोन बहिणी, आणि पाचवी हुंगगॉ. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात भाज्या निवडायला बसवलं होतं, तेव्हा मी त्या बाईंना विचारलं हुंगगॉ म्हणजे काय, त्या म्हणाल्या इथे मिळतच नाही, मीही कधी बघितलं नाही, भारतात असतं म्हणे. फोनवर शोधलं तर हिंग! हिंगूचं चिनी, चिनीचं कोरियन. म्हणजे ज्याचा वाससुद्धा त्यांच्यातल्या बहुतेकांनी घेतलेला नाही ते शतकानुशतकं इमानेइतबारे टाळत आलेत. आणि माझ्या सॅकच्या कप्प्यात आईने दिलेली डबी होती, वरणासाठी. मी काढून दिली नाही. दाखवावी वाटली, पण कसंसंच झालं, म्हणजे एखाद्याच्या घरात दारूची बाटली काढल्यासारखं. रात्रभर मला आपला त्या कप्प्यातून वास येतोय असं वाटत राहिलं.

वाटीला ते बारू म्हणतात. त्यातला पहिला भाग आपलं पात्रच, हेही नंतर कळलं. पात्र.

माझे आजोबा जेवण झालं की ताटात तांब्यातलं घोटभर पाणी ओतायचे. उजव्या हाताच्या बोटांनी ताट गोल गोल निपटायचे, आमटीचं, चटणीचं, भाताच्या शितांचं ते लालसर गढूळ पाणी ताट उचलून कडेने पिऊन टाकायचे. मग म्हणायचे, झालं. ताट इतकं स्वच्छ की पालथं घालून ठेवावं. मी सात-आठ वर्षांचा असेन, मला ओकारीच यायची. मी त्यांच्या पंगतीला बसायचो नाही, आईला सांगायचो मला पोळी आतल्या खोलीत दे. एकदा पुण्याचे चुलतभाऊ आले होते, त्यांच्यासमोर आजोबांनी ताट तोंडाला लावलं आणि त्यातला एक "ईईई" म्हणाला, आणि मी, मी त्या ईईईमध्ये सामील झालो. मोठ्याने. आजोबांनी ताट खाली ठेवलं, आमच्याकडे पाहिलं, आणि उरलेलं प्यायले. त्यानंतर ते मोरीकडे तोंड करून जेवायला बसायला लागले, की मला तसं वाटतं, आता विचारायला कोणी नाही.

आणि तेच मी. एका रात्रीचे भरपूर वोन मोजून, सहा हजार किलोमीटरवर जाऊन, मुळ्याच्या फोडीने वाटी घासून ते पाणी प्यायलो आणि मला काय वाटलं तर, वा. फोटो काढायला बंदी होती नाहीतर स्टेटसला टाकलं असतं. याची मला तिथे, त्या क्षणी, घोट घशाखाली जातानाच लाज वाटली होती, हे नंतर लिहायला सुचलेलं नाही. त्या लाजेतच होतो. कदाचित म्हणूनच तो कण दिसूनही, नाही, हे कारण नव्हे. कारण आळस. मला कंटाळा आला होता आणि पाय दुखत होते.

खोलीवर परत आल्यावर मी पार्टनरला आजोबांचं सांगितलं, जरा कौतुकानेच, बघ आमच्याकडे पण होतं असं. तो कुकरची शिट्टी साफ करत होता. म्हणाला, "आमच्या घरी ताटात काही राहायचंच नाही. धुवाचं काय त्यात?" टोमणा नव्हता. पुढे लगेच विचारलं तांदूळ किती टाकू.

परत आल्यावर एका रविवारी गावी गेलो होतो. आमच्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. त्यात आम्ही लहानपणी शेळ्या घेऊन पावसात उभे राहायचो, भिंतींवर बदामात नावं कोरणारी मोठी पोरं आम्हाला हिरो वाटायची. तुळजा लेण्यात तर शेंदूर लागून देवी झालीये, लेण्याद्रीत विहारात गणपती बसलाय, नवसाला पावतो. मनमोडीच्या एका लेण्यात गेलो. वटवाघळांचा उग्र वास, भिंतीत भिक्खूंच्या कोठड्या, कोठडीत दगडी ओटा, एका माणसाच्या लांबीचा. मी त्यावर बसून बघितलं. गार. इथेही कोणीतरी पहाटे उठत असणार, इथेही पात्र असणार, आणि ते विसळायचं पाणी बाहेरच्या टाक्यातूनच आणत असणार, दारातच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, अजून पाणी असतं त्यात. आता त्यात बिस्किटाचे पुडे तरंगत होते. आणि वाईट वाटायचा मला काय अधिकार, माझंच नाव शेजारच्या लेण्यात तिसऱ्या खांबावर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून छताला आहेत, मी तळेगावात सहा वर्षं राहिलो, एकवीरेला दर वर्षी गेलो, बाहेर कोंबडीचं जेवण जेवलो, आणि वर मान करून ते लाकूड बघितलं नाही. बुसॉकसाचे खांब बघायला मात्र तीन बस बदलल्या.

तिथून बाहेर येऊन रेंज मिळाल्यावर मी पार्टनरला फोन लावला. तो आता बुटीबोरीला आहे. बहीण मेन्स निघाली, इंटरव्ह्यूत राहिली, परत बसतेय. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं अरे एक सांगायचं होतं, ते देवळातलं, बादलीत, तो कण माझाच होता.

"माहीत आहे बे," तो म्हणाला. "तू वाटी वाकवली तेव्हाच दिसला मले. मले वाटलं काढशील."

मग तू का नाही काही बोललास, मी विचारलं.

"बोलाचं नव्हतं ना तिथं," तो म्हणाला, आणि मग त्याच्या मागे कुणीतरी जेवायला हाक मारली, आणि तो म्हणाला थांब दोन मिनिटात करतो. तो करेपर्यंत मी टाक्यातले पुडे काढत बसलो, सात निघाले, एक तळाशी होता त्याला हात पुरला नाही.